दंडावरचा मारुती

माझ्या आजोबांची जावा बेटावरची गोष्ट तुम्ही माझ्या तोंडून कधी ऐकली असेल — न्यूझीलंडातल्या आमच्या हॅमिल्टनमध्ये राहत असाल तर ऐकलीच असणार, मी सहजासहजी कुणाला सोडत नाही — तर ती खोटी आहे. खरी मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, भावाला नाही. ज्या दोघांचा तिच्याशी खरा संबंध होता, ते दोघंही आता नाहीत. ते गेल्यावर मला कंठ फुटलाय, यावरून माझ्या शौर्याची कल्पना यावी.

आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. कुणी नेमलं नव्हतं, मीच बळकावलं. कुणाच्या बारशाला पाळण्याची दोरी तुटली, कुठले मामा कुणाच्या चपला घालून परगावी गेले — सगळं माझ्याकडे. मंजिरी, म्हणजे माझी बायको, चारचौघांत म्हणते, "अविनाश, मागच्या वेळी म्हैस एकच होती." असेल. एखादी म्हैस वाढली तर कुणाचं काय बिघडतं? — असं मला पन्नाशीपर्यंत मनापासून वाटत होतं.

आता आजोबा. सखाराम रावजी कदम, सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावातून इंग्रजांच्या पलटणीत भरती झालेले. महायुद्ध संपलं, सगळ्यांचे बाप आणि नवरे घरी आले, आणि आमच्या आजोबांना जहाजात घालून जावाला नेलं. कशाला? तर तिथल्या लोकांनी आपलं नवंकोरं प्रजासत्ताक जाहीर केलं होतं, आणि त्यांचे जुने मालक, म्हणजे डच, ते मानायला तयार नव्हते. डचांना परत येऊन बूड टेकायला थोडा वेळ हवा होता. तोवर जागा धरून ठेवायला इंग्रजांनी आपली माणसं पाठवली. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. आमचे आजोबा म्हणजे तो रुमाल.

रुमाल परत आला नाही. बेपत्ता, एवढंच कळलं. गावात लगेच दोन पक्ष पडले. एक म्हणे, गेला. दुसरा म्हणे, पलटणीतले काही जण पळून त्या प्रजासत्ताकवाल्यांना मिळाले होते, सखाराम त्यांत असणार. मग डचांशी लढला असेल आणि तिकडंच संसार थाटून बसला असेल. आजीनं दोन्ही पक्षांना दारात उभं केलं नाही. ती कुंकू लावत राहिली. म्हातारी होऊन गेली तेव्हाही सवाष्ण म्हणून गेली, हिरव्या साडीत, ओटी भरून. पितृपंधरवड्यात आमच्याकडे आजोबांच्या नावानं कधी म्हाळ घातला गेला नाही. माणूस गेलाय की आहे हेच नक्की नाही, तर पान कुणाचं वाढायचं? माझ्या लग्नपत्रिकेतही त्यांच्या नावाआधी 'कै.' लागलं नाही. 'श्री. सखाराम रावजी कदम यांचे नातू' असं ठसठशीत छापलं. मंजिरीकडची पुण्याची मंडळी मांडवभर आजोबांना शोधत होती, नमस्कार करायला.

आजोबा जावाला गेले तेव्हा बाबा तीन वर्षांचे. बापाचा चेहरा आठवत नाही, फोटो नाही. एकच खूण होती, तीही आजीच्या तोंडची — डाव्या दंडावर मारुती गोंदलेला, हातावर डोंगर तोललेला, शेपटी वर. बाबांनी एसटीत कंडक्टर म्हणून आयुष्य काढलं, हजारो माणसांची तिकिटं फाडली, आणि प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचा डावा दंड बघितला. हे त्यांनीच मला एकदा हसत सांगितलं होतं. मीही हसलो होतो.

तर २०१४च्या ऑक्टोबरात बाबा सहा महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आले. एकटेच, आई गावी भावाजवळ थांबली.

आईवडील सहा महिने येतात तेव्हा काय होतं, हे ज्यांच्याकडे कुणी आलंय त्यांना सांगायला नको. पहिले पंधरा दिवस कौतुक. मग आम्ही दोघं कामावर — मंजिरी हॉस्पिटलच्या फार्मसीत, मी गोठ्यांसाठी दूध काढायची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत — आणि घरात वडील, टीव्ही आणि शांतता. रस्त्यावर माणूस नाही. कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत — इथं किराणा दुकानाला डेअरी म्हणतात — चालत गेलं तर तिथला गुजराती दुकानदार तेवढा बोलणार. बाबा बंडी, पायजमा आणि माझ्या जँडल्स, म्हणजे रबरी स्लिपर, घालून घरामागच्या लाकडी डेकवर बसायचे, डेपोत गाडी लागायची वाट बघत बसल्यासारखे.

आणि कुंपणापलीकडे हेंक होता.

हेंक डच. सत्त्याऐंशी वर्षांचा, सहा फुटी, पाठीचा कणा अजून सरळ. तरुणपणी न्यूझीलंडला आला, वायकाटोत पन्नास वर्षं गाई पाळल्या, बायको वारल्यावर शेत विकून आमच्या शेजारी राहायला आला. दिवसभर वाफ्यात. बाबांना वाफे बघून राहवेना, त्याला बाबांचे हातवारे बघून राहवेना. महिन्याभरात दोघांचं असं जमलं की विचारू नका — फक्त एक अडचण. बाबांचं इंग्रजी 'फुल', 'हाफ' आणि 'चेंज प्लीज' एवढं. हेंकचं मराठी शून्य. मग दुभाषा कोण?

तुम्ही कधी दुभाष्याचं काम केलंय? शनिवार-रविवार, सलग? मी वैतागलो होतो हो. हेंक लीक नावाच्या त्यांच्या कांद्यावर चार मिनिटं बोलायचा. बाबा माझ्याकडे बघायचे, "काय म्हनतोय त्यो?" मी म्हणायचो, "कांदा बरा आलाय म्हणतोय." बाबा मग शेणखतावर पाच मिनिटं बोलायचे. हेंक माझ्याकडे बघायचा. मी सांगायचो, "शेण वापरा." दोघांनाही संशय यायचा की मधे काहीतरी गळतंय. गळतच होतं. मीच छाटत होतो. आणि कुणाला कळत नव्हतं, कुणाचं बिघडत नव्हतं. वाईट सवयी अशाच लागतात ना — आधी कांद्यावर?

एके दिवशी बाबा सहज बोलले, "त्याला सांग, माझा बाप जावात गेलता." मी सांगायच्या आधीच हेंकनं 'जावा' हा शब्द ऐकला. हातातला पाण्याचा पाइप तसाच चालू. मग मला सगळं सांगावं लागलं, रुमालासकट. हेंकनं पाइप वाफ्यात टाकला. घरात गेला. पाइप तासभर वाहत होता, शेवटी मीच कुंपणावरून उडी मारून नळ बंद केला आणि पँट फाडून घेतली.

आठवडाभर तो दिसला नाही. मग एवढंच कळलं की तोही तिथं होता. विशीत, सक्तीच्या भरतीत, त्याच प्रजासत्ताकाशी लढायला डचांनी जहाजं भरभरून पोरं पाठवली त्यात. बाबांच्या अंगात तेव्हापासून वारं शिरलं. "इचार की त्याला." "इचार, आपल्यातली कुनी मान्सं दिसली हुती का." रोज! चहाबरोबर, जेवताना, मी दाढी करत असताना. मी म्हणायचो, बाबा, जावा म्हणजे काय कोरेगाव तालुका आहे का? तुमचे वडील गेल्यावर दीड-दोन वर्षांनी हा तिथं गेला. ह्याला कसं माहीत असणार? आणि मी काही विचारलं नाही. विचारतो म्हणायचो, आणि हेंकशी हवेवर बोलून परत यायचो. "त्याला आठवत नाही म्हणतो." हे पहिलं खोटं. छोटं. म्हैसभर.

आता त्या शनिवारकडे यायला हवं. मी टाळतोय हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

डिसेंबर. आमच्या मराठी मंडळाचा तळ्याकाठी स्नेहमेळावा होता, एक वाजता. सूत्रसंचालन अर्थातच माझं. ओट्यावर बटाट्याची भाजी, परातीत पीठ, मंजिरीच्या हाका, गाडीत अर्धं सामान. साडेअकराला हेंक आला. कुंपणावरून नाही — पुढच्या दारानं, बेल वाजवून. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, केस ओले करून विंचरलेले. हातात भाजी नाही. डेकवर बाबांच्या समोर बसला आणि मला म्हणाला, मी जे सांगेन ते शब्द न् शब्द सांग. प्लीज. काही गाळू नकोस.

काही गाळू नकोस! म्हणजे त्यालाही माहीत होतं.

तो म्हणाला — एका साखर कारखान्याच्या आवारात त्यांची तुकडी होती. प्रजासत्ताकाच्या बाजूनं लढणारी काही माणसं पकडून आणली होती. त्यांत एक इंडियन होता. उंच, जुना लष्करी स्वेटर घातलेला, बाही फाटलेली. रात्रीचा पहारा हेंककडे. त्या माणसानं इंग्रजीत पाणी मागितलं. हेंकनं दिलं. सकाळी हुकूम आला की कैदी पुढं न्यायला गाड्या नाहीत. कारखान्याच्या मागे नेलं. हेंक सहा जणांतला एक होता. नंतर बाकीचे पाचही म्हणाले की आम्ही गोळी हवेत झाडली. "मी हवेत झाडली नाही," हेंक म्हणाला. "मी असं म्हणत नाही की तो याचा बाप होता. मला नाव माहीत नाही. पण त्याच्या दंडावर हे होतं." खिशातून पेन्सिल काढली, आमच्या टेबलावर घेवड्याच्या बियांचं रिकामं पाकीट पडलं होतं, त्याच्या मागे काढलं. माकड. एका हातावर ओबडधोबड डोंगर. शेपटी वर.

बाबांनी पाकीट ओढून घेतलं. "आरं, ह्यो तर मारुती हाय की!" आणि माझ्याकडे बघितलं. बहात्तर वर्षांचा माणूस, आणि शाळेच्या निकालाच्या दिवशी पोर बघतं तसं.

माझा फोन खिशात थरथरत होता. मंजिरी आतून म्हणाली, "अहो, तेल तापलंय!"

आणि मी म्हणालो, "बाबा, त्यानं बघितला होता असा एक माणूस. साखर कारखान्याजवळच्या गावात. दंडावर मारुती होता. घर होतं त्याचं तिथं, बायको होती. हेंकला तहान लागली होती, तर त्या माणसानं त्याला पाणी दिलं."

पाणी दिलं! बघा, किती सहज उलटलं मी ते. विचार करावा लागला नाही. इतक्या वर्षांचा सराव.

बाबा म्हणाले, "आन त्यो हात असा खाली धरून काय दावत हुता?"

"पोरं," मी म्हणालो. "दोन पोरं होती त्याला तिथं. एवढी एवढी."

बाबा उठले. हेंकचे दोन्ही हात हातात घेतले, कपाळाला लावले. "लई उपकार झालं," म्हणाले. आणि हेंक — ज्यानं नुकतंच या माणसाला सांगितलं होतं की कदाचित तुझ्या बापाला मी मारलं — तो त्या हातांकडे बघत राहिला. मग मला विचारलं, काय म्हणाले ते?

मी सांगितलं, तुमचे आभार मानतायत.

हे मात्र शब्दशः भाषांतर होतं. त्या दिवशीचं एकमेव.

का केलं? बरीच वर्षं मी स्वतःला सांगायचो की दया आली. बाबांचा चेहरा बघवला नसता. म्हाताऱ्या माणसाला कशाला, या वयात? पण दया करायला माणसाला क्षणभर तरी थांबावं लागतं हो. मी कुठं थांबलो होतो? मला एक वाजता तळ्यावर पोचायचं होतं. बाबा रडले असते, हेंक रडला असता, मेळावा गेला असता, वडे गेले असते, आणि पुढचे चार महिने मला कुंपणाच्या दोन्ही बाजूंना तोंड देत बसावं लागलं असतं. मला त्या दोघांचा कंटाळा आला होता. त्यांच्या दुःखाचा दुभाषा व्हायचा कंटाळा. दया वगैरे मी नंतर शिवून घेतली, मापानं.

आणि त्याच दिवशी, दोन वाजता, तळ्याकाठी, वडा हातात धरून मी ही गोष्ट सगळ्यांना सांगितली! माईकवर. बेपत्ता शिपायाचा मुलगा आणि डच सैनिक, एका डेकवर. लोकांचे डोळे भरून आले. पामर्स्टन नॉर्थहून आलेल्या एक बाई म्हणाल्या, तुम्ही हे लिहा. पुढच्या वर्षी त्या गोष्टीत नारळाची बाग आली. त्याच्या पुढच्या वर्षी आजोबांनी छोटी खानावळ काढली. मंजिरी म्हणाली, "खानावळ मागच्या वेळी नव्हती." मी म्हणालो, नंतर कळलं.

हेंक बदलला. इतका हलका झाला की बघवेना. बाबांना रोज एक भाजी, रोज एक फूल. बाबा परत निघाले तेव्हा विमानतळावर सोडायला आला, टाय लावून. पुढं दोन वर्षांनी गेला. त्याच्या मुलीनं चर्चमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं की वडिलांनी आयुष्यभर एक गोष्ट मनात कोंडली होती, आम्हालाही सांगितली नाही, शेवटी एका इंडियन माणसाला सांगितली, आणि त्या माणसानं त्यांचे हात कपाळाला लावले. त्यानंतर वडिलांना झोप लागायला लागली, म्हणाली. सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मी मान खाली घातली — नम्रपणे, असं त्यांना वाटलं असावं. चहाच्या वेळी तिनं मला मिठी मारली. माझ्या हातात एग सँडविच होतं. मी ते खाल्लं. तुम्हाला म्हणून सांगतो, दोन खाल्ली.

आणि बाबा?

मला वाटलं होतं ते सुखात राहतील. पहिलं वर्षभर राहिलेही. गावभर सांगितलं, आपला बाप मेला नाही, आपल्या आईचं कुंकू खरं होतं. पारावर बसून साखर कारखान्याजवळचं घर त्यांनी रंगवून रंगवून सांगितलं — मी कुणाचा मुलगा आहे ते कळलं असेल. मग हळूहळू दर रविवारच्या फोनवर एक प्रश्न यायला लागला. आधी बाकीच्या बोलण्यात मिसळून, मग थेट.

"मग त्यानं पत्र का न्हाई लिवलं?"

मी म्हणायचो, त्या काळी टपाल कुठलं. लढाई चालू होती. नंतर म्हणालो, पलटण सोडून गेलेला माणूस, पकडतील म्हणून भ्याला असेल. मग म्हणालो, लिहिलं असेल, पोचलं नसेल. दर रविवारी एक नवीन टपालखातं काढत होतो मी. वैतागून. खरंच सांगतो, त्यांच्यावर वैतागायचो — एवढा चांगला बाप मिळवून दिला तुम्हाला, जिवंत, घरदार असलेला, आणि तुम्ही प्रश्न काय विचारता?

पण काय मिळवून दिलं होतं मी? ज्या माणसाला सत्तर वर्षं वाटत होतं की बाप येऊ शकला नाही, त्याला मी सांगितलं होतं की बाप आला नाही.

२०१८ला बाबा आजारी पडले. मी जाऊन आलो, पंधरा दिवस उशाशी बसलो. एका दुपारी माझा हात धरून म्हणाले, "दोन पोरं हुती म्हनला न्हवं त्यो? मग मला का इसरला रं?" संजय, माझा भाऊ, औषधं आणायला गेला होता. खोलीत आम्ही दोघंच. एवढी मोकळी वेळ देवानं कुणाला दिली असेल? मी म्हणालो, "बाबा, पाणी देऊ?"

मी परत आल्यावर महिन्याभरानं ते गेले. रजा संपली, दहाव्याला येता येणार नाही, असं मी संजयला सांगितलं. रजा होती.

दहाव्याला संजयनं मला व्हिडिओवर घेतलं. तिथं सकाळ, इथं दुपार टळलेली. मी स्वयंपाकघरात टेबलावर फोन उभा करून बसलो. नदीकाठ दिसत होता, पिंड मांडलेला, सगळे मागे सरून उभे, आणि झाडावर कावळे. भरपूर. एकही खाली येईना.

तुम्हाला माहीत आहे तेव्हा काय करतात. आत्म्याची काही इच्छा राहिली असेल तर जवळच्या माणसांनी पुढं होऊन शब्द द्यायचा. संजय म्हणाला, आईला अंतर देणार नाही. कावळा हलला नाही. बाबांची चुलत बहीण, आमची आत्या, म्हणाली, घराचा माळा पुरा करू रं दादा. नाही. कुणी म्हणालं, नातीचं लग्न थाटात करू. नाही. अर्धा तास झाला, ऊन चढायला लागलं. मग संजयनं फोन उचलून पिंडाकडे धरला आणि म्हणाला, "दादा, तू बोल. तुझ्यात जीव होता त्यांचा. काय राहिलंय ते तुलाच ठाऊक असंल."

मला ठाऊक होतं. तिथं उभ्या असलेल्या चाळीस माणसांत आणि त्या झाडावरच्या सगळ्या कावळ्यांत मिळून फक्त मला ठाऊक होतं. एक वाक्य लागलं असतं.

आणि मी काय केलं सांगू? मी गोठलो. म्हणजे — मुद्दाम. डोळे एका जागी, तोंड अर्धवट उघडं, मान किंचित वाकडी, जसा नेट गेल्यावर पडद्यावर माणूस अडकतो तसा. श्वास धरला. संजय दोनदा म्हणाला, "दादा? दादा?" मग आत्याचा आवाज आला, "त्याचं गेलं वाटतं." संजय म्हणाला, "हां, नेट गेलं दादाचं." आणि फोन बंद केला.

माझ्या मागच्या भिंतीवर घड्याळ आहे. मोठं, पांढरं. सेकंदकाटा लाल. हे मला नंतर दिसलं, उठून पाणी प्यायला वळलो तेव्हा. तो फिरत होता. त्या पाऊण मिनिटात कुणाला तो दिसला का, मला माहीत नाही. संजयनं कधी विचारलं नाही. मंजिरीही हॉस्पिटलातून त्या कॉलवर होती. तीही काही बोलली नाही. त्यानंतर तिनं चारचौघांत म्हशी मोजायचं मात्र सोडून दिलं.

शेवटी दर्भाचा कावळा करून लावला.

संजयनं पेपरात निधनाची बातमी दिली त्यात बाबांचं नाव 'कै. महादेव' असं आहे, आणि खाली आजोबांच्या नावाआधी काही नाही. त्यानं विचारलं होतं, लावू का? मी म्हणालो, बाबांना चाललं नसतं.

एक राहिलं. वर मी हेंकचं सांगणं शब्द न् शब्द दिल्याचा आव आणलाय. नाही दिलेलं. इथंही गाळलं. तो खाली धरलेला हात.

हेंक म्हणाला होता — पाणी प्यायल्यावर तो माणूस थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं तळहात असा धरला, गुडघ्याच्या जरा वर, आणि दुसऱ्या हातानं लांब कुठंतरी दाखवलं, समुद्राच्या दिशेला. आणि हसला. मला कळलं त्याला काय म्हणायचंय. घरी एवढं एक पोर आहे. एक बोट वर केलं होतं त्यानं. एकच.

बाबांनी तो हात बघितला होता. विचारलंही होतं.

तो माणूस आजोबा असेल, नसेल. साताऱ्याकडच्या कितीतरी शिपायांच्या दंडावर मारुती होता. ते ठरवायचं काम बाबांचं होतं, माझं नव्हतं. बियांचं पाकीट माझ्याकडे आहे, स्वयंपाकघरातल्या तिसऱ्या खणात, वॉरंटीच्या कागदांखाली. पेन्सिल पुसट झालीय, शेपटी अजून दिसते.

तुमचा बाप तुम्हाला विसरला नव्हता, बाबा. एवढंच होतं ते. मराठीतच सांगायचं होतं.